पहिल्यांदा पोकर टूर्नामेंटला बसताना

मित्रांच्या डावात चिप्स संपल्या तर आणखी घेता येतात. टूर्नामेंटमध्ये री-एंट्रीची (बाद झाल्यावर पुन्हा फी भरून बसण्याची) मुदत टळली की शेवटची चिप गेली म्हणजे खुर्ची सोडायची. शिवाय ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच दोन खेळाडूंना पाळीपाळीने भराव्या लागणाऱ्या चिप्स (लहान रक्कम स्मॉल ब्लाइंड, मोठी बिग ब्लाइंड), ठरलेल्या वेळेला वाढत राहतात, त्यामुळे नुसतं चांगल्या पानांची वाट बघत बसणंही महाग पडतं.

फी भरण्याआधी स्ट्रक्चर शीट (सुरुवातीच्या चिप्स आणि ब्लाइंड वाढण्याचं वेळापत्रक) मागून घ्या. 20,000 चिप्स आणि 100/200 चे ब्लाइंड म्हणजे 100 बिग ब्लाइंड; चिप्स याच मापात मोजतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण लेव्हल (ब्लाइंड न बदलण्याचा टप्पा) किती मिनिटांची तेही बघा. डीलर तासाला साधारण 30 हात (डाव) वाटतो. 15 मिनिटांच्या लेव्हलमध्ये सात-आठ हात होतात. नऊ जणांच्या टेबलावर एक फेरीही पुरी होत नाही. नवख्याने शक्यतो 30 मिनिटांच्या लेव्हलची स्पर्धा निवडावी. लेट रजिस्ट्रेशनच्या (स्पर्धा सुरू झाल्यावरही नाव नोंदवण्याच्या मुदतीच्या) टोकाला 20 ब्लाइंड घेऊन बसण्याचा सराईतांचा शिरस्ता सध्या तरी त्यांनाच लखलाभ.

टेबलावर हात चालवण्याआधी तोंड चालवा. समोर 1,000 ची बेट (लावलेली रक्कम) असताना न बोलता 5,000 ची एकच चिप टाकली, तर तो रेझ (बेट वाढवणं) नाही, कॉल (तेवढीच बेट भरणं) धरतात. आधी थोड्या चिप्स पुढे सरकवून पुन्हा मागून आणल्या तर स्ट्रिंग बेट होते आणि दुसरी खेप परत घ्यावी लागते. म्हणून आधी ‘रेझ’ आणि आकडा म्हणा, मग चिप्सना हात लावा. पानांवर एक चिप ठेवा. डीलरने तुमची पानं चुकून ओढून फेकलेल्या पानांत मिसळली तर हात मेला, म्हणजे तो डाव तुमच्यापुरता संपला. आणि पॉट (मधे जमलेल्या सगळ्या चिप्स) तुमच्याकडे सरकेपर्यंत पानं सोडू नका, समोरचा ‘तू जिंकलास’ म्हणाला तरी.

आता मुख्य हिशोब. ब्लाइंड 500/1,000, बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने भरायची वेगळी रक्कम) 1,000, तुमच्याकडे 12,000. एका फेरीचा खर्च 2,500. एकही हात न खेळता फेरी गेली तर उरले 9,500. तोवर लेव्हल बदलून 600/1,200 झाली, की 12 ब्लाइंडचा स्टॅक (तुमच्याकडच्या एकूण चिप्स) आठच्याही खाली. हौशी खेळाडूंचा घात बहुतेक इथेच होतो. नंतर चार ब्लाइंडवर ऑल-इन केलं (सगळ्या चिप्स एकदम लावल्या) तर बिग ब्लाइंडवाला कुठल्याही पानांवर कॉल करतो, कारण त्याला ते स्वस्त पडतं. दहा ब्लाइंड असताना ऑल-इन केलं तर समोरच्याला विचार करावा लागतो. सगळ्यांनी पानं टाकली तर मधले अडीच ब्लाइंड तुमचे, म्हणजे स्टॅक थेट 25 टक्क्यांनी वाढला.

या स्टॅकवर तीन ब्लाइंडचा रेझ करून समोरच्याच्या ऑल-इनला पानं टाकणं हा सर्वांत महागडा प्रकार. तेव्हा पॉटमध्ये साडेपंधरा ब्लाइंड (तुमचे तीन, त्याचे दहा, मधले अडीच) असतात आणि कॉलला लागतात फक्त सात. 31 टक्के वेळा जिंकलात तरी हिशोब जुळतो, आणि इतकी शक्यता साध्या पानांनाही अनेकदा असते. म्हणून दहा ब्लाइंडला एकतर ऑल-इन, नाहीतर फोल्ड. तुमच्याआधी कुणी पॉटमध्ये आलेलं नसेल तर बटनवरून (डीलरची खूण असलेल्या, ब्लाइंडच्या लगेच आधीच्या जागेवरून) कोणतीही जोडी, कोणताही एक्का चालतो. पहिल्या जागेवरून मात्र आठ जण बोलायचे बाकी असतात. तिथे एक्का-पंजी फेकून द्या.

बक्षिसं साधारण 10 ते 15 टक्के खेळाडूंनाच मिळतात. बक्षिसाच्या एक जागा अलीकडे, म्हणजे बबलवर, गणित उलटतं: जिंकलेल्या चिप्सपेक्षा गमावलेल्या चिप्स जास्त मोलाच्या ठरतात. तुमच्याकडे 15 ब्लाइंड आहेत, दोघांकडे तीन-तीनच आहेत आणि मोठ्या स्टॅकने ऑल-इन केलं, तर एक्का-गुलामही टाका. उलट तुमचाच स्टॅक मोठा असेल तर मधल्या स्टॅकवाल्यांना रेझ करून छळा. तीन ब्लाइंडवाल्याच्या वाटेला जाऊ नका, तो कॉल करणारच.

दोघेच उरले की एक नियम बदलतो: बटनवाला स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपआधी (टेबलावर उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पानांआधी) पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. या टप्प्यावर चांगल्या पानांची अट बरीच सैल करा. बटनवर एखादा राजा हातात असला तरी रेझ करायला पुरेसा आहे.