पेट्रोलियम भूविज्ञानाच्या जर्नलचं संपादकपद लढवताय? या चुका टाळा

बहुतेक वैज्ञानिक जर्नलांचा संपादक प्रकाशक नेमतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्स, म्हणजे एएपीजी, या संस्थेत मात्र तो सभासदांच्या मतांवर निवडून येत आला आहे. १९१७ साली ओक्लाहोमातल्या टल्सा इथे सुरू झालेल्या या संस्थेत संपादक हा कार्यकारी समितीतला एक पदाधिकारी असतो. मुदत तीन वर्षांची, आणि हाताखाली येतं ते संस्थेचं जर्नल, ‘बुलेटिन’. मत देणारे जगभर पसरलेले असतात: ह्यूस्टनमध्ये सिस्मिक (लहरी पाठवून काढलेली जमिनीखालची चित्रं) वाचणारे, रिगवर बसून कटिंग्ज (विहीर खणताना वर येणारे खडकाचे तुकडे) तपासणारे, प्राध्यापक, सल्लागार, निवृत्त मंडळी. यातल्या पुष्कळांनी जन्मात एकही पेपर पाठवलेला नसतो, पण बुलेटिन चाळलेलं असतं. उमेदवार हे विसरतात आणि दुसऱ्या प्राध्यापकांना उद्देशून निवडणुकीचं निवेदन लिहितात. पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

निवेदनाचा बायोडेटा करणे

शंभर पेपर, चार पुरस्कार, सहा समित्या. हे सगळं परिचयाच्या रकान्यात आलेलंच असतं, आणि समोरच्या उमेदवाराचा रकानाही तसाच भरलेला असतो. मतदाराला कळायला हवं ते वेगळंच: दोन रिव्ह्यूअर, म्हणजे लेख तपासणारे तज्ज्ञ, एकमेकांच्या विरुद्ध बोलले तर तुम्ही काय करता? एक म्हणतो ‘छापा’, दुसरा म्हणतो ‘फेकून द्या’. तिसरा शोधता, की स्वतः वाचून निर्णय देता? लेख विषयात बसत नसेल तर आठवड्यात परत करता, की चार महिने रिव्ह्यूत फिरवून मग नाकारता? असोसिएट एडिटर, म्हणजे संपादकाचा सहकारी, म्हणून काम केलं असेल तर अशा एखाद्या प्रसंगी काय केलं ते नावं न घेता चार ओळींत लिहा. पुरस्कारांच्या यादीपेक्षा त्या चार ओळी जास्त वाचल्या जातील.

इम्पॅक्ट फॅक्टर वाढवण्याचं वचन देणे

हे वचन दिसलं की मला तो उमेदवार जरा घाईतला वाटतो. आधी गणित बघा. एखाद्या वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी मिळालेले संदर्भ भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. खिडकी फक्त दोन वर्षांची. आपल्या विषयात लेख सावकाश पिकतो. एखाद्या बेसिनवरचा (गाळाचे खडक साचलेल्या खोलगट भागावरचा) पेपर वाचून कोणी विहीर आखते, ती खणली जाते, डेटा गुप्ततेतून सुटतो आणि मग त्यावर पुढचा पेपर होतो. तोवर ही खिडकी कधीच बंद झालेली असते. रॉबर्ट फोक यांचं चुनखडकांचं वर्गीकरण बुलेटिनमध्ये १९५९ साली आलं आणि आजही विद्यार्थी पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तेच शब्द वापरतात. एस. के. बिस्वास यांचा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रिफ्ट (भूकवच ताणलं जाऊन तयार झालेल्या) बेसिनांवरचा १९८२ चा बुलेटिनमधला लेख कच्छवर काम करणाऱ्याला अजून टाळता येत नाही. या दोन्ही लेखांची खरी किंमत दोन वर्षांच्या हिशेबात दिसलीच नसती.

शिवाय हा आकडा फुगवायचे जे झटपट मार्ग आहेत, ते संपादकाला शोभणारे नाहीत. लेखकाला ‘आमच्या जर्नलचे आणखी चार संदर्भ घाला’ असं सुचवणं हा प्रकाशन-नीतीचा उघड भंग आहे, आणि स्वतःचेच संदर्भ अवाजवी वाढलेली जर्नल इम्पॅक्ट फॅक्टरच्या वार्षिक यादीतून काही काळ बाहेरही काढली जातात. त्याऐवजी लेख आल्यापासून पहिला निर्णय किती दिवसांत देऊ, ते सांगा. तो आकडा खरोखर संपादकाच्या हातातला आहे. मात्र ‘तीस दिवसांत सगळे रिव्ह्यू’ असंही लिहू नका. रिव्ह्यूअर बिनपगारी असतो आणि ड्रिलिंग सुरू झालं की ईमेलला उत्तर देत नाही. आठवण कधी पाठवणार आणि किती दिवसांनी दुसरा माणूस गाठणार, एवढं सांगितलं तरी पुरे.

‘कंपन्यांकडून जास्त पेपर आणू’

ऐकायला छान, पण कसे आणणार? कंपनीतल्या भूवैज्ञानिकाकडे लिहिण्यासारखं भरपूर असतं. अडतं ते परवानगीत. ब्लॉकमधले (तेल शोधायला दिलेल्या क्षेत्रातले) भागीदार, कायदा विभाग, सरकारी खातं, सगळ्यांच्या सह्या लागतात आणि तोवर लिहिणाऱ्याची बदली होते. मुंबई हायचा शोध १९७४ चा, तर राव आणि तालुकदार यांचा त्या क्षेत्राच्या भूविज्ञानावरचा लेख एएपीजीच्या महाकाय तेलक्षेत्रांवरच्या मेमॉयरमध्ये, म्हणजे संस्थेच्या ग्रंथात, आला १९८० साली. एवढं मोठं क्षेत्र असूनही मध्ये सहा वर्षं गेली. ‘उद्योगजगताशी संवाद वाढवू’ या वाक्याने ही गाठ सुटत नाही.

इथे उमेदवाराने ठाम भूमिका घ्यायला हवी, आणि नेमकं इथेच सगळे मोघम होतात. विहिरीचं नाव झाकलं तर चालेल का? अक्षांश-रेखांश नसलेला नकाशा चालेल का? उभी मोजपट्टी नसलेला सिस्मिक सेक्शन (जमिनीखालच्या थरांचं उभं चित्र) चालेल का? माझं मत विचाराल तर विहिरीला ‘अ-१’ म्हटलेलं चालेल, नेमकं ठिकाण धूसर केलेलंही एखाद्या वेळी चालेल, पण मोजपट्टी नसलेला सेक्शन छापू नये. कारण मग वाचक त्यावर ना प्रश्न विचारू शकत, ना ते काम स्वतः करून बघू शकत. कोणी उलट मत मांडेल, हरकत नाही. पण मत मांडा. भारतात डीजीएचची (हायड्रोकार्बन महासंचालनालयाची) नॅशनल डेटा रिपॉझिटरी, म्हणजे तेलशोधाच्या डेटाचं भांडार, २०१७ पासून सुरू आहे. अशा भांडारांतला डेटा वापरून लिहिणाऱ्यांसाठी तुमचं धोरण काय, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही.

हितसंबंधांबद्दल गप्प बसणे

प्राध्यापक उमेदवाराला ही बाब किरकोळ वाटते: स्वतःचा किंवा आपल्या विद्यार्थ्याचा लेख आला तर दुसऱ्याकडे सोपवू, झालं. पेट्रोलियममध्ये प्रकरण त्याहून खोल आहे. समजा, एखाद्या बेसिनच्या खोल भागात चांगला सोर्स रॉक (ज्यातून तेल-वायू तयार होतो तो खडक) असल्याचं दाखवणारा लेख तुमच्याकडे आला, आणि त्याच बेसिनच्या ब्लॉकांची बोली तीन महिन्यांवर आहे. छापून येण्याआधी ते वाचणाऱ्या माणसाकडे पैशांत मोजता येईल अशी माहिती असते. तुम्ही ज्या कंपनीत नोकरी करता किंवा जिला सल्ला देता, तीच बोली लावणार असेल तर? कोणत्या बेसिनचे लेख तुम्ही उघडणारही नाही आणि ते कोण बघेल, हे निवेदनातच सांगा. मतदारांत कंपन्यांत काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना ही भीती चांगलीच ठाऊक आहे, बोलत कोणी नाही एवढंच.

ओपन अ‍ॅक्सेस फुकटात वाटणे

‘सगळे लेख सर्वांना मोफत’ हे टाळ्यांचं वाक्य आहे. वाचकाने पैसे दिले नाहीत तर ते लेखकाला, त्याच्या विद्यापीठाला किंवा संस्थेच्या तिजोरीला द्यावे लागतात. युरोपातल्या निधी देणाऱ्या संस्थांनी २०१८ मध्ये ‘प्लॅन एस’, म्हणजे त्यांच्या पैशांतून झालेलं संशोधन सर्वांना मोफत वाचायला मिळावं अशी योजना, जाहीर केली, तेव्हा तिथल्या संशोधकाच्या अनुदानात त्या खर्चाची सोय होऊ शकली. पण स्वतंत्र सल्लागार, निवृत्त भूवैज्ञानिक किंवा एखाद्या राज्य विद्यापीठातला प्राध्यापक यांनी पैसे कुठून आणायचे? खर्चाची बाजू कोण उचलणार हे सांगता येत नसेल तर हे आश्वासन म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

विशेषांकांची खैरात

एखाद-दुसरा नेटका विशेषांक ठीक. पण पाहुण्या संपादकांच्या हाती किल्ल्या देऊन मोकळं झालं की काय होतं, ते ‘अरेबियन जर्नल ऑफ जिओसायन्सेस’मध्ये २०२१ साली दिसलं. चारशेहून अधिक लेखांवर प्रकाशकाला शंकेची नोंद लावावी लागली. त्यांत भूविज्ञानाची सांगड थेट क्रीडा-प्रशिक्षणाशी घातलेले लेखही होते!

नोकरी देणाऱ्याला न विचारणे

तीन वर्षं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी लेख वाचावे लागणार, समितीच्या बैठकांना जावं लागणार. साहेबांची लेखी संमती उमेदवारी स्वीकारण्यापूर्वी घ्या.

मधेच अडचण आली तर

तुमचं आणि समोरच्या उमेदवाराचं निवेदन सारखंच वाटतंय? तसं होतंच, कारण दोघेही ‘दर्जा’, ‘वेग’ आणि ‘तरुण’ हे शब्द वापरतात. ते खोडून बघा. मागे काही उरलं नाही तर पुन्हा लिहायला बसा.

कार्बन साठवण, भूऔष्णिक ऊर्जा, हायड्रोजन यांवर विचारणा होणारच. ‘तेलाचे दिवस संपले’ म्हणालात तर अर्धे मतदार गेले, ‘हे आमचं काम नाही’ म्हणालात तर तरुण गेले. सच्छिद्रता (खडकातली मोकळी जागा), पार्यता (त्यातून द्रव वाहण्याची सोय) आणि टोपीखडक (तो वर निसटू न देणारा थर) यांचं शास्त्र तेलाला लागतं तेच कार्बन साठवणीलाही लागतं. तेव्हा विषयाच्या नावापेक्षा लेखात खडकाचा डेटा आहे की नाही, ही कसोटी सांगा.

रिव्ह्यूअरने अप्रकाशित लेख एआय चॅटबॉटमध्ये टाकला तर? तो गुप्ततेचा भंग आहे, असं स्पष्ट उत्तर तयार ठेवा.

प्रचारासाठी ईमेल पाठवण्याचा मोह झाला तर आधी संस्थेचे निवडणूक नियम वाचा. सभासदांची यादी कशासाठी वापरता येते, ते त्यावर ठरेल.

निवडून आलात आणि तुमचाच एखादा लेख आधीपासून रिव्ह्यूत असेल, तर त्याची फाइल एखाद्या असोसिएट एडिटरकडे कायमची सोपवा आणि निर्णय होईपर्यंत त्याबद्दल एक शब्दही विचारू नका. आणि हरलात, पण नव्या संपादकाने असोसिएट एडिटर व्हायला बोलावलं, तर होकार कळवताना कोणत्या बेसिनचे लेख घेणार नाही तेही त्याच ईमेलमध्ये लिहा.