खाण कामगारांचे मृत्यू मोजताना मस्टरवर विसंबू नका

खाणीवरच्या कामगारांचा मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा कमी निघाला, म्हणून धूळ निरुपद्रवी ठरत नाही. भरतीलाच डॉक्टर तपासतात, त्यामुळे दमेकरी किंवा अधू माणूस कामावर चढतच नाही. राज्याच्या आकड्यांत मात्र अंथरुणाला खिळलेलेही असतात. समजा, राज्याच्या दराने अपेक्षित मृत्यू ५० आणि झाले ४०. गुणोत्तर शंभराला ८० आले, तरी ती घट बऱ्याचदा भरतीची करामत असते. म्हणून तुलना कामगारांमध्येच करा: क्रशरवरचे (खनिज फोडणाऱ्या यंत्रावरचे) एकीकडे, कमी धुळीत राबणारे दुसरीकडे. नुसते कारकून घेतलेत तर विडी-तंबाखू आणि मिळकतीचा फरक मध्ये येतो.

यादी आजच्या मस्टरवरून करू नका. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या खाणी सप्टेंबर २०१२ मध्ये थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा. दर वेळी काम सुरू झाल्यावर परतले ते बहुधा धडधाकट. त्यामुळे बंदीच्या आधीची एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी ‘बी’ नमुन्याच्या रजिस्टरात (खाणीच्या कामगार-नोंदवहीत) असलेले सगळे घ्या, नंतर सोडून गेलेलेही.

खरी मेहनत या सोडून गेलेल्यांची आहे. शेरा असतो ‘गावी गेला’, एवढाच. परप्रांतीय कामगार खोकला वाढला की घर गाठतो, मृत्यूची नोंद तिकडच्या रजिस्टरात होते, आणि इथल्या पंचायतीत तो सापडला नाही म्हणून त्याला अखेरपर्यंत जिवंत धरले जाते. हे चूक. ज्या दिवशी तो जिवंत असल्याचा शेवटचा पुरावा आहे, तिथे त्याची मोजणीतली वर्षे थांबवा. असे किती जण सुटले, तेही विभागवार लिहा. क्रशरवरचे जास्त सुटले असतील, तर दर उतरलेला दिसणारच.

‘किमान १० वर्षे नोकरी’ ही अट असेल, तर मोजणी अकराव्या वर्षापासून. २०० जण, पुढची १० वर्षे, २० मृत्यू: वर्षाला दर हजारी साधारण १०. पहिली १० वर्षेही भाजकात घातलीत तर तो ५ वर येतो, कारण त्या काळात मेलेला माणूस यादीत येऊच शकत नव्हता.

सिलिकोसिसला, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला, बहुधा दहा-वीस वर्षे लागतात, म्हणून शेवटच्या १० वर्षांची धूळ हिशेबातून वगळूनही पाहा. धुळीमुळेच आजारी पडून लोक सोडतात, तिथे नोकरीची वर्षे साध्या समीकरणात टाकून भागत नाही. जी-एस्टिमेशनसारखी, हा गुंता सोडवणारी संख्याशास्त्रीय पद्धत लागते, त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ सुरुवातीलाच गाठावा.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ असेल तर ते कारण नव्हे. सिलिकोसिस कित्येकदा क्षय म्हणून नोंदला जातो. नियतकालिक तपासणीचे जुने एक्स-रे मिळवा आणि दोन डॉक्टरांकडून वेगवेगळे वाचून घ्या. त्याआधी पाकिटावरचा ‘क्रशर’ हा शब्द झाका, म्हणजे वाचणाऱ्याचे मत आधीच बनणार नाही.