आजी गेल्यावर तिच्या आठवणी कशा जमवायच्या : आधी तिच्या मैत्रिणींकडे जा

माझी आजी गेली तेव्हा तेराव्याला वाईहून एक आजीबाई आल्या होत्या, नातवाचा हात धरून, जिना चढून धाप लागलेली, आणि फोटोसमोर बसून त्यांनी आजीला अशा एका नावाने हाक मारली जे आम्ही नातवंडांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते तिचं माहेरचं नाव. लग्नात बदललं आणि मग ते नाव घेणारं माणूसच घरात नव्हतं. आपल्याला वाटतं आपल्याला आजी पूर्ण माहितीये पण आपण बघितलेली असते ती तिची शेवटची पंचवीस-तीस वर्षं, त्याआधीची सगळी आजी तिच्या मैत्रिणींकडे असते आणि त्याही ऐंशी-पंच्याऐंशीच्या असतात. म्हणून माझं सांगणं, फोटो, साड्या, भांडी नंतर, आधी मैत्रिणी गाठा. वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका.

कोण कोण होत्या ते कसं शोधायचं? फोनशेजारची जुनी डायरी बघा, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेले नंबर बघा, आणि घरातल्या लग्नामुंजींच्या आहेराच्या वह्या नक्की बघा कारण त्यात गावासकट नावं असतात. शाळेतल्या, वाड्यातल्या शेजारणी, भजनी मंडळातल्या, भिशीतल्या, सगळ्या वेगवेगळी आजी सांगतात.

भेटायला दुपारी चारनंतर जा, झोप झालेली असते, चहाची वेळ असते. रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. फोन फ्लाइट मोडवर टाका, घडी केलेल्या रुमालावर ठेवा आणि चालत असेल तर पंखा बंद करा, माझ्या पहिल्या दोन रेकॉर्डिंगमध्ये नुसती पंख्याची घरघर आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि "आजी कशी होती हो?" असं विचारू नका. त्याला "फार मायाळू" एवढंच उत्तर येतं. मंगळागौर कुणाकडे जागवायचात, धुणं घेऊन कुठल्या घाटावर जायचात, तुमचं दोघींचं भांडण कशावरून झालं होतं, असं विचारा. भांडणाचं विचारलं की सगळं येतं. सोबत तिचा तरुणपणीचा एखादा फोटो न्या, त्यात मागे उभं कोण आहे ते त्याच सांगू शकतात, आणि सांगितलेली नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नको, दाबून लिहिलं की पुढून उमटतं. पाऊण तासात उठा. दुसऱ्यांदा जा. खरं बोलणं दुसऱ्यांदा होतं.

ओव्यांचं एक वेगळं. "ओवी म्हणा ना" म्हटलं की बऱ्याच जणी आठवत नाही म्हणतात, पण जातं असेल तर मूठभर धान्य टाकून खुंटा हातात द्या, हात फिरायला लागला की ओठांवर येते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतल्या बायकांच्या १ लाखाहून जास्त ओव्या अशा जमवल्यात, आता त्यातल्या बऱ्याच पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर वाचता-ऐकता येतात. मैत्रिणीला भेटलात की आधी त्यातल्या चार ऐकवा, "अगं आमच्याकडे हे असं म्हणायचे" म्हणून ती स्वतःच सुरू होते.

माहेरचं नाव, जन्मतारीख कळत नसेल तर ती ज्या मराठी शाळेत गेली तिथे जाऊन अर्ज द्या आणि जनरल रजिस्टरवरून प्रवेश निर्गम उतारा मागा. जुनी रजिस्टरं बऱ्याच शाळांनी जपलेली असतात. आजीचं नाव तिच्या वडिलांच्या नावासकट त्या शाईत बघितलं तेव्हा मी तिथेच बाकावर बसून रडले.

स्वयंपाकाचं म्हणाल तर वही सापडली तरी मापं कळत नाहीत. आजीच्या मेतकुटात "चिपटंभर हरभऱ्याची डाळ" लिहिलंय. ४ चिपटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली, पण ही मापं भरून मोजायची, वजनाची नाहीत, त्यामुळे नेटवरचं ग्रॅमचं गणित चालत नाही. तिचं चिपटं, तिची वाटी, तिचा पळा शोधा, त्यात तीच डाळ भरून वजनकाट्यावर ठेवा आणि तो आकडा वहीत तिच्या अक्षराशेजारी लिहा. तिची भांडी भंगारात जायच्या आधी हे करा प्लीज.

साड्या सगळ्या धुऊ नका, एक तरी तशीच मलमलीत गुंडाळून ठेवा, तिचा वास राहतो. जरीच्या साडीची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला नाहीतर घडीवर चिरते. सुती नऊवारीची गोधडी शिवून घ्या, घरात जितकी नातवंडं तितक्या. आणि तिचा मोबाइल लगेच फॉरमॅट करून कुणाला देऊ नका, आधी व्हॉइस मेसेज काढून दोन ठिकाणी ठेवा, "जेवलीस का गं" एवढाच असला तरी.

जमलेलं सगळं एका वहीत उतरवा आणि झेरॉक्स त्या मैत्रिणींनाही द्या, मोठ्या अक्षरात. सणावारी फोन करत राहा, आजी करायची तसा. मी दर संक्रांतीला वाईला तिळगूळ घेऊन जाते. या वर्षी निघताना त्या आजींनी डबा परत देताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी वही घेऊन ये, नदीला पूर आला होता तेव्हाचं आमचं दोघींचं सांगायचं राहिलंय. मी म्हटलं पुढची संक्रांत कशाला, रविवारीच येते.