कर्ज थकलं, अंगविकल पेन्शनही अडली: बेळगाव सीमाभागात मोफत वकील कसा मिळवावा

घरातला कमावता माणूस अपघाताने किंवा आजाराने जागेवर बसला की दोन कटकटी एकदमच उभ्या राहतात: फायनान्सवाल्यांची नोटीस आणि अंगविकल, म्हणजे दिव्यांग, पेन्शनचा अर्ज. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे दोन्हींसाठी वेगवेगळे एजंट पैसे घेतात. खरं तर दोन्ही कामांना दार एकच आहे.

ते दार म्हणजे विधी सेवा प्राधिकरण. बेळगावला जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याला तिथल्या कोर्टात जाऊन चौकशी करा. पाटी कन्नडमध्ये असते: 'कानूनु सेवेगळ प्राधिकार'. 1987 च्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. कर्ज नवऱ्याच्या नावावर आणि दिव्यांगही तोच असेल, तर अर्ज त्याच्याच नावाने करा. सोबत दिव्यांगत्वाचा दाखला, आधार आणि आलेली प्रत्येक नोटीस जोडा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं, तिथले कर्मचारी लिहून घेतात. जाण्याआधी 15100 वर फोन करून विचारता येतं.

दाखलाच नसेल तर तो आधी काढा. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात. पेन्शनसाठी 40 टक्के दिव्यांगत्व ही महत्त्वाची रेषा आहे. टक्केवारी कमी लावली असं वाटलं तर त्यावर अपील करता येतं, हे फारसं कोणी सांगत नाही. कोल्हापुरात काढलेला दाखला इकडे चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतो; 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो देशभर वैध आहे. पेन्शन मात्र तुम्ही राहता त्या राज्याची. पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला नातेवाइकाच्या पत्त्यावर तिकडची आणि इथे इकडची, असा उद्योग करू नका.

पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात. गावातला ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता कागद जुळवायला मदत करतो, पंचायतीत त्याची चौकशी करा. अर्ज दिल्यावर 'सकाल'ची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी काम करून देण्याच्या कर्नाटकाच्या योजनेची, पोचपावती घ्याच. तिच्यावरच्या क्रमांकावरून अर्ज कुठे अडला ते कळतं, आणि मुदत उलटली तर अपील त्याच क्रमांकावर होतं. तोंडी "होईल, बघू" याला काही किंमत नाही. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. फॉर्म कन्नडमध्ये असला तरी तक्रारीचं निवेदन मराठीत देण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिला आहे. न वाचता आलेल्या कागदावर सही किंवा अंगठा मात्र कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका.

आणखी एक: पेन्शनचं खातं कर्ज असलेल्या बँकेत नको. पोस्टात काढा आणि आधार तिथे जोडा, म्हणजे आलेली रक्कम हप्त्यात वळती होण्याचा प्रश्न उरत नाही.

आता कर्ज. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दारात बसून शिव्या देणं, घराला कुलूप लावणं यांवर कर्नाटकाने 2025 मध्ये वेगळा कायदा केला आहे. तक्रार थेट पोलीस ठाण्यात द्या. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र ते घरात ठेवून बसू नका. 30 दिवसांत लेखी म्हणणं मांडावं लागतं, नाहीतर एकतर्फी निकाल होतो. वकिलाला पहिला कागद हाच दाखवा. रक्कम मान्य असेल आणि फक्त व्याज डोईजड झालं असेल, तर लोकअदालत बरी. तिथे तडजोड झाली की अपील नाही, म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्याला हो म्हणा.

दिवाळखोरीचा अर्ज हा शेवटचा मार्ग. मोबाइलवर सांगतात ती 2016 च्या दिवाळखोरी संहितेतली वैयक्तिक दिवाळखोरी सामान्य कर्जदाराला अजून लागू झालेली नाही. ती सध्या कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतीच आहे. आपल्याकडे 1920 चा प्रांतिक नादारी (दिवाळखोरी) कायदाच चालतो. त्यात मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, जाते. भांडीकुंडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि त्याचं राहतं घर दिवाणी कायद्याने सहसा जप्तीतून वगळलेलं आहे. सरकारी देणं आणि फसवून घेतलेलं कर्ज नादारीनंतरही माफ होत नाही. अर्ज करण्याआधी ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची यादी वकिलाला द्या, अगदी गावातल्या सावकारासकट. एखादं नाव लपवलंत तर कोर्टाच्या नजरेत तुमचीच बाजू लंगडी पडते.