क्रॉसओव्हरच्या नॉबला हात लावण्यापूर्वी

गाडीतील स्पीकरांसाठी क्रॉसओव्हर वारंवारता, म्हणजे कोणत्या स्पीकरने कुठपर्यंतचे सूर वाजवायचे ती सीमा, ठरवणे हे प्रत्यक्षात तासाभराचे काम आहे, मात्र पूर्वतयारी अपुरी असेल तर तेच काम कित्येक रविवार पुरते आणि एखाद्या ट्वीटरचा (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा) बळीही घेते. म्हणून गाडीचे दार उघडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि बसवलेल्या प्रत्येक स्पीकरचा व्यास, त्याचे ओहम (विद्युत रोध), तो दरवाजात आहे की डॅशबोर्डवर की डिकीत, आणि माहितीपत्रकात दिलेली त्याची अनुनाद वारंवारता (जिथे पडदा आपसूकच जास्त थरथरतो), म्हणजेच ‘एफएस’, हे सारे टिपून ठेवावे. खोक्यावर ठळक छापलेल्या ‘५५ ते २२,००० हर्ट्झ’ अशा आकड्यावर फारसे विसंबू नये, कारण ५५ हर्ट्झला तो स्पीकर किती मोठ्याने वाजेल हे त्यात कुठेच सांगितलेले नसते.

या टिपणाची गरज का, हे एका हिशेबावरून लक्षात येते. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, म्हणजे एक ऑक्टेव्ह खाली गेले, की स्पीकरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. १६० हर्ट्झला जो पडदा अर्धा मिलिमीटर हलतो त्याला ८० हर्ट्झला दोन आणि ४० हर्ट्झला आठ मिलिमीटर हलावे लागेल, आणि दरवाजातल्या साध्या साडेसहा इंची स्पीकरला ते झेपणारे नाही; तिथेच आवाज फाटू लागतो. त्यामुळे आरंभीचे आकडे कागदावर पुढीलप्रमाणे लिहून ठेवता येतात: साडेसहा इंची स्पीकरचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास, चार इंचीचा १०० ते १५० हर्ट्झ, तीन इंची मिडरेंजचा तीनशेच्या पुढे, आणि सबवूफरचा (खोल बासच्या स्पीकरचा) लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० किंवा त्याहून थोडा खाली. ट्वीटरचा हाय-पास त्याच्या अनुनाद वारंवारतेच्या किमान दुप्पट असावा. ती १५०० हर्ट्झ असेल तर ३००० हर्ट्झच्या खाली जाण्याचा मोह टाळलेला बरा, विशेषतः फिल्टरचा उतार (सीमेपलीकडे आवाज कमी होण्याचा वेग) दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलच असेल तेव्हा.

यानंतर फिल्टर नेमका कोठे लावायचा हे निश्चित करावे. बहुतेक हेड युनिटमध्ये (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओत) एक क्रॉसओव्हर असतो, ॲम्प्लिफायरवर दुसरा असतो, आणि कंपोनंट संच (वूफर व ट्वीटर वेगवेगळे असलेला) असेल तर वूफर व ट्वीटर यांच्यामध्ये पॅसिव्ह क्रॉसओव्हरची डबी आधीच बसलेली असते, ज्यामुळे ट्वीटरचा प्रश्न तिथेच सुटतो आणि आपल्याला फक्त सबवूफर व दरवाजातील स्पीकर यांच्यातली सीमा आखायची उरते. हेड युनिट आणि ॲम्प्लिफायर दोन्हींवर ८० हर्ट्झचे १२ डेसिबलचे फिल्टर नकळत चालू राहिले, तर एकूण उतार २४ डेसिबलचा होतो आणि प्रत्यक्ष ८० हर्ट्झला आवाज तीनऐवजी सहा डेसिबलने उतरतो. समजून-उमजून केल्यास त्यात वाईट काही नाही (सीमेवर तीन डेसिबलने उतरणारे दोन बटरवर्थ फिल्टर एकापुढे एक जोडले की सहा डेसिबलने उतरणारा लिंकविट्झ-रायली प्रकारचा फिल्टरच तयार होतो), पण अनवधानाने झाल्यास बास कोठे हरवला याचा शोध घेत माणूस भलत्याच नॉबशी झटापट करत बसतो. जो फिल्टर वापरायचा नसेल तो ‘फुल’ किंवा ‘ऑफ’वर ठेवावा.

ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरच्या स्वतंत्र चॅनेलवर चालवायचा असल्यास त्याच्या तारेत एकसरीत एक नॉन-पोलर (धन-ऋण टोकांचा भेद नसलेला) कपॅसिटर जोडावा. ४ ओहमच्या ट्वीटरला ३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे १३०० हर्ट्झखालचा आवाज उतरवू लागतो आणि एखादी सेटिंग चुकली तरी पूर्ण बास ट्वीटरवर जाऊन आदळत नाही. मी हा कपॅसिटर एकदा ‘नंतर जोडू’ म्हणून राहू दिला आणि हेड युनिट रीसेट होताच डावा ट्वीटर कायमचा मुका झाला.

मग आवाजात केलेले सगळे फेरफार काढून टाकावेत: बास, ट्रेबल आणि इक्वलायझर शून्यावर, लाउडनेस व बास बूस्ट बंद, फेडर आणि बॅलन्स मध्यावर, ॲम्प्लिफायरचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) सर्वांत खाली. वूफर आणि सबवूफरची पोलॅरिटी (धन-ऋण तारांची दिशा) तपासण्यासाठी त्यांच्या तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. धन टोक धन तारेला लागताच पडदा बाहेर आला पाहिजे. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये. दरवाजाचे पत्रे आणि प्लास्टिकची पॅनेल ८० ते १२५ हर्ट्झच्या सुरांवर खुळखुळतात का हेही याच टप्प्यावर पाहावे, कारण ती खुळखुळ स्पीकरची समजून हाय-पास उगाच वर नेला जातो.

साधनांत ४० ते २०० हर्ट्झपर्यंतचे साइन सूर (एकाच वारंवारतेचे शुद्ध सूर), पिंक नॉइझ (सर्व वारंवारता असलेला खरखराटासारखा चाचणी-आवाज), बारीक स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर एवढे पुरे. यांपैकी मल्टिमीटरला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण ॲम्प्लिफायरच्या नॉबभोवती छापलेले ‘५०’ आणि ‘२५०’ हे आकडे ढोबळ असतात आणि मधली ८० ची जागा केवळ अंदाजाने सापडत नाही. सबवूफरची तार सोडवून, सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) बंद ठेवून आणि लो-पासचा नॉब सर्वांत वर नेऊन ४० हर्ट्झचा सूर लावावा आणि एसी व्होल्टेज वाचावे. समजा ते ४ व्होल्ट आले, तर त्याच आवाजाच्या पातळीवर ८० हर्ट्झचा सूर लावून वाचन २.८ व्होल्टवर येईपर्यंत नॉब खाली आणावा. लिंकविट्झ-रायली फिल्टर असल्यास हे वाचन २ व्होल्ट असावे. साधे मल्टिमीटर काहीशे हर्ट्झपर्यंतच विश्वासार्ह असतात, त्यामुळे ट्वीटरच्या फिल्टरसाठी ही युक्ती चालणार नाही.

बंद केबिनमध्ये खालचा बास आपोआप फुगतो, हेही लक्षात असू द्यावे. दोन्ही फिल्टर नेमके ८० वर ठेवूनही आवाज घुमत असेल, तर सबवूफरचा लो-पास ६३ च्या आसपास आणावा आणि मधली फट तशीच राहू द्यावी. कागदावर ती विचित्र दिसते, कानाला सहसा दिसत नाही. उलट तो १२० वर नेला तर बास डिकीतून येतोय हे चटकन कळू लागते. सबवूफरची पेटी पोर्ट (हवा ये-जा करण्याचे भोक) असलेली असल्यास तिची ट्यूनिंग वारंवारता आधीच विचारून घ्यावी आणि सबसॉनिक फिल्टर तिच्या थोडा खाली लावण्याचे ठरवावे, कारण तिच्याखाली पडद्याला पेटीचा आधार राहत नाही.

इंजिन बंद ठेवून बराच वेळ काम चालणार असेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे धुरामुळे जिवावर बेतू शकते. शेवटची तपासणी चालकाच्या आसनावर बसून, दारे-काचा लावून करायची असते: ८० हर्ट्झचा सूर लावून सबवूफरची पोलॅरिटी एकदा सरळ आणि एकदा उलट करून पाहावी आणि ज्या स्थितीत तो सूर अधिक भरीव ऐकू येईल ती ठेवावी. या सगळ्याआधी आणि नंतरही प्रत्येक नॉबचे छायाचित्र घेऊन ठेवावे व हेड युनिटमधील आकडे टिपणात उतरवावेत, कारण बॅटरी सोडवली की काही हेड युनिट ते विसरतात.