शनिवार-रविवारची युरोपातील शहर-सहल: परदेशस्थ जोडप्यांनी या चुका टाळाव्यात

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी जोडप्याला प्राग, व्हिएन्ना, पॅरिस, बुडापेस्ट ही शहरे शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत येण्याइतकी जवळ आहेत. दोघांच्या रजा जुळत नसतात, तेव्हा युरोप पाहण्याचा हाच सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरतो. अशी छोटी सहल फसते ती बहुधा निघण्यापूर्वीच्या कागदपत्रांमुळे, विमानतळ ते शहर या अंतरामुळे किंवा परतीच्या अखेरच्या काही तासांमुळे. म्हणून काय काय पाहायचे याची यादी करण्याआधी या गोष्टींकडे लक्ष देणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कागदपत्रे दोघांची स्वतंत्रपणे तपासावीत

एकाचे रेसिडेन्स परमिट वैध आहे म्हणून दुसऱ्याचेही असेल असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नोकरी करणाऱ्याचे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारे युरोपीय परमिट, आणि जोडीदाराचे कुटुंबाच्या आधारावर मिळालेले परमिट यांच्या मुदती वेगळ्या असू शकतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही कार्डे व दोन्ही पासपोर्ट समोर ठेवून त्यांवरील तारखा वाचाव्यात. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसातील सीमांवर एरवी नेहमीची तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातील, एखाद्या देशाचे वैध परमिट आणि वैध पासपोर्ट असल्यास इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते. नुकत्याच आलेल्या जोडीदाराला अजून कार्ड मिळालेले नसेल, पण त्याच्याकडे दीर्घ मुदतीचा ‘डी’ व्हिसा असेल, तरी तो वैध असेपर्यंत हीच सवलत लागू होते.

अडचण येते ती मधल्या काळात. परमिटच्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत जर्मनीत फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचे तात्पुरते प्रमाणपत्र दिले जाते आणि ते हाती आले की प्रवासाला हरकत नाही असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्या प्रमाणपत्रावर जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ८१ मधील कोणत्या पोटकलमावर खूण केली आहे, यावर सारे अवलंबून असते. आधीच्या परमिटची मुदत वाढवण्याच्या अर्जावर, म्हणजे पोटकलम ४ खाली, ते दिलेले असेल, तर पासपोर्ट आणि जुने कार्ड सोबत ठेवून प्रवास करता येतो. पोटकलम ३ खाली दिलेले असेल, तर देशाबाहेर पडू नये. या बाबतीत मित्रांच्या अनुभवापेक्षा आपल्या हातातील कागद वाचावा.

डब्लिनचे स्वस्त तिकीट दिसले की मोह होतो, परंतु आयर्लंड युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाही आणि जर्मन परमिट असले तरी भारतीय पासपोर्टधारकाला तेथे वेगळा व्हिसा लागतो. लंडनचीही तीच गोष्ट. उलट बुखारेस्ट आणि सोफिया ही शहरे जुन्या माहितीच्या आधारे यादीतून वगळू नयेत, कारण रोमानिया व बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले आहेत.

शेंगेनमध्ये सीमेवर कोणी विचारत नाही, हा समजही आता सोडून द्यावा. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी लागू केली आणि साल्झबुर्गहून म्युनिककडे येणाऱ्या गाडीत पोलिसांनी कागद मागणे ही नेहमीची बाब आहे. अशा वेळी फोनमधील छायाचित्र चालत नाही. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्डच दाखवावे लागते.

विमानतळाच्या नावावर विसंबू नये

स्वस्त विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात शहराचे नाव असते, पण विमानतळ त्या शहरात असेलच असे नाही. पॅरिसच्या नावाने ओळखला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, ब्रसेल्सच्या नावाने चालणारा शार्लरॉय ५० किलोमीटरहून दूर आहे, आणि फ्रँकफुर्टचे नाव लावणारा हान तर १०० किलोमीटरपेक्षाही लांब आहे. दोघांचे जाण्यायेण्याचे बसभाडे तिकिटात मिळवले आणि वाया जाणारे तास मोजले, तर स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही. रात्री उशिरा उतरणाऱ्या विमानानंतर शहराकडे जाणारी बस आहे की नाही, हे तिकीट काढण्याआधीच पाहावे.

माझ्या मते चार तासांपर्यंतच्या अंतरासाठी रेल्वेच निवडावी. फ्रँकफुर्टहून पॅरिसला थेट गाडीने सुमारे चार तास लागतात, म्युनिकहून व्हिएन्नालाही साधारण तेवढेच, आणि ड्रेस्डेनहून प्रागला त्याहून बरेच कमी. या गाड्या शहराच्या मध्यवर्ती स्थानकावर उतरवतात, शिवाय घरून नेलेल्या लोणच्याच्या बरणीबाबत विमानातील हातसामानाचा १०० मिलिलिटरचा नियमही आड येत नाही.

आणखी एक सापळा वर्षातून दोनदा येतो. मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे बदलतात. मार्चमध्ये एक तास कमी होतो, आणि त्या दिवशी सकाळचे परतीचे विमान असेल तर गजर लावताना याचा विचार झालाच पाहिजे.

एका दिवसाला वेळेचे बंधन असलेले एकच तिकीट

दोन दिवसांत सगळे पाहून घ्यायचे म्हणून एकाच दिवशी तीन संग्रहालयांची वेळ ठरवून तिकिटे काढली जातात. मग पहिल्या ठिकाणी उशीर झाला की पुढची दोन्ही वाया जातात आणि दिवसभर दोघांपैकी एक जण घड्याळाकडे पाहत राहतो. वेळ ठरलेले एकच तिकीट सकाळसाठी घ्यावे आणि दुपार त्याच परिसरात पायी फिरण्यासाठी मोकळी ठेवावी. शुक्रवारच्या संध्याकाळसाठी तर असे तिकीट घेऊच नये.

ते एक तिकीट मात्र वेळेवर घ्यावे. अॅमस्टरडॅममधील अॅन फ्रँक हाऊसची तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी ती खुली होतात आणि लवकर संपतात. रोममध्ये व्हॅटिकन संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती विनामूल्य उघडतात, पण तेव्हाची रांग दोन दिवसांच्या सहलीला परवडणारी नसते. सोमवार जोडून जाणाऱ्यांनी फ्लॉरेन्सचे उफिझी आणि पॅरिसचे म्युझे दॉर्से ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

शहरातील छोट्या चुका थोडक्यात सांगतो. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट येथे कागदी तिकीट विकत घेणे पुरेसे नसते, ते यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, अन्यथा तिकीट असूनही दंड होतो. कार्डाने पैसे देताना युरो की स्थानिक चलन असे विचारले गेल्यास कोरुना, फोरिंट असे स्थानिक चलन निवडावे, कारण तेथेच युरोत रूपांतर करून घेतल्यास दर सहसा वाईट मिळतो. स्वित्झर्लंड हे युरोपीय संघाच्या मोफत रोमिंग नियमात येत नाही, म्हणून सीमा ओलांडण्यापूर्वी आपल्या फोन योजनेत तो देश आहे का ते पाहावे.

गाडी किंवा विमान चुकले, रखडले तर

परतीसाठी शेवटची गाडी कधीही निवडू नये. तिच्या आधीची निवडावी, म्हणजे काही बिघडले तरी सोमवारी कामावर पोहोचता येते. वाटेत गाडी बदलायची असेल तर संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घ्यावे, कारण दोन स्वतंत्र तिकिटे असल्यास पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तरी ती जबाबदारी सहसा प्रवाशावरच येते. जर्मन रेल्वेत ठरावीक गाडीचेच सवलतीचे तिकीट असले, तरी मुक्कामी पोहोचण्यास किमान २० मिनिटांचा उशीर होण्याची चिन्हे असल्यास ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. युरोपीय नियमांनुसार ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के, तर १२० मिनिटांच्या उशिराला ५० टक्के भरपाई मिळते. अतितीव्र हवामानासारखी कारणे त्यातून वगळली आहेत.

इटलीत रेल्वेसंपाची घोषणा आधी होते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडल्या जातात. शुक्रवारी संप असेल तर प्रवास या वेळांत बसवावा.

विमान तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले आणि कारण विमान कंपनीच्या आवाक्यातील असले, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाईचा हक्क आहे. असाधारण कारण असले तरी प्रतीक्षेच्या काळात खाण्यापिण्याची आणि गरज पडल्यास रात्रीच्या मुक्कामाची सोय कंपनीनेच करायची असते, त्यामुळे काउंटरवर ती मागावी. कोणी दाद न दिल्यास आवश्यक तेवढाच खर्च करून पावत्या जपाव्यात. भरपाई दर प्रवाशाला स्वतंत्र मिळते. एकाच बुकिंगवर दोघांनी प्रवास केला असला, तरी अर्जात दोघांचीही नावे पासपोर्टप्रमाणे लिहावीत आणि दोघांचेही बोर्डिंग पास जोडावेत.