सरकारी पैशातील गैरव्यवहाराची जोखीम कशी तपासावी: विदर्भात रुजू होणाऱ्या नव्या लेखापरीक्षकांसाठी

लेखापरीक्षणाच्या नोकरीकडे वळू पाहणारी मुले-मुली भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यात घोटाळे पकडायला मिळतात का? मिळतात, पण घोटाळा झाल्यावर तो पकडणे हे एक काम आहे आणि तो कोणत्या वाटेने होऊ शकेल हे आधीच ओळखून ती वाट बंद करायला लावणे हे दुसरे. ब्रिटनमध्ये या दुसऱ्या कामाला 2018 मध्ये सरकारी सेवेतील स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरणही स्थापन झाले. आपल्याकडे त्याला वेगळे पदनाम नाही. ते लेखापरीक्षक, लेखाधिकारी, पंचायत समितीतील विस्तार अधिकारी आणि सामाजिक अंकेक्षणातील साधन व्यक्ती यांच्यात विखुरलेले आहे, आणि ज्याच्या वाट्याला येईल त्याने ते आपल्या नेमून दिलेल्या कामातच करायचे असते. मी अमरावती विभागातील ग्रामीण संस्थांचे लेखापरीक्षण करत आलो आहे. पुढचे सगळे त्याच अनुभवावर बेतलेले आहे.

या क्षेत्रात येण्याचे मार्ग थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती सहज मिळते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत येता येते. राज्याच्या वित्त विभागाच्या अखत्यारीत स्थानिक निधी लेखापरीक्षेचे संचालनालय आहे. 1930 च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमानुसार ते ग्रामपंचायतींसह स्थानिक संस्थांचे लेखे तपासते आणि त्याच्या कनिष्ठ पदांची भरती स्वतंत्र परीक्षेने होते. केंद्राकडे जायचे असल्यास कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या खात्यात प्रवेश मिळतो, आणि त्या खात्याची कार्यालये नागपुरातच असल्याने विदर्भातील उमेदवाराला घरापासून फार दूर जावे लागेलच असे नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हा मात्र पोलिसी स्वरूपाचा मार्ग आहे. तिथले काम बहुतांशी तक्रार आल्यावर सुरू होते, त्यामुळे त्याचा आणि या लेखाचा संबंध थोडाच आहे.

रुजू झाल्यावर नव्या माणसाला पहिल्यांदा कागद शिकवले जातात. ग्रामपंचायतीच्या लेखासंहितेतील नमुने, म्हणजे कर आकारणीचा नमुना 8, कर मागणीचा नमुना 9, रोकड वही, पावतीपुस्तके, साठा नोंदवही, प्रमाणके (खर्चाची व्हाउचर), मोजमाप पुस्तिका. हे शिकावेच लागते आणि त्याला पर्याय नाही. परंतु कागद पूर्ण असणे आणि पैसा सुरक्षित असणे यांत मोठे अंतर असू शकते, आणि ज्या संस्थेत प्रमाणकांचा गठ्ठा फारच नीटनेटका, एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच दिवशी लिहिल्यासारखा दिसतो, तिथे मी अधिक वेळ थांबतो. प्रत्येक व्यवहाराविषयी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे काम एखादा माणूस दुसऱ्या कुणालाही न विचारता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटा पूर्ण करू शकतो का? उत्तर होय आले, तर तो माणूस कितीही सज्जन असला तरी तिथे जोखीम आहे असे लिहायचे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे उदाहरण घेऊ. या निधीतील देयके ऑनलाइन अदा होतात आणि त्यासाठी दोन डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एक ग्रामसेवकाची, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, आणि दुसरी सरपंचांची. कागदावर ही व्यवस्था चोख आहे: एकाने देयक तयार करावे, दुसऱ्याने ते पाहून मंजूर करावे. प्रत्यक्षात मात्र दोन्ही डोंगल, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी साठवलेली साधने, संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात असतात आणि दोन्ही पासवर्ड त्याच्या वहीत लिहिलेले असतात. पेटीला दोन कुलपे लावावीत आणि दोन्ही किल्ल्या एकाच करदोड्याला बांधाव्यात, तसा हा प्रकार आहे. विचारणा केली की उत्तर सरळ येते: "साहेब, सरपंचबाई वावरात रायते, म्हनून दोनी डोंगल माह्याच जवळ असते." यात लबाडी असतेच असे नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत सरपंच ग्रामपंचायतीत येऊन बसू शकत नाहीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो आणि मार्चअखेरीस निधी खर्च झाला नाही तर वरून विचारणा होते. म्हणून माझ्या टिपणीत परिचालकाच्या प्रामाणिकपणावर शेरा नसतो. स्वाक्षरीची साधने ज्याची त्याच्या ताब्यात नाहीत, त्यामुळे दुसरी तपासणी प्रत्यक्षात होत नाही, आणि सरपंचांच्या मोबाइलवर बँकेचा संदेश जातो की परिचालकाच्या, एवढे मी लिहितो. हा शेवटचा मुद्दा नवीन लोक हमखास विसरतात. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हे बँकेतून पाहून घेणे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यातून जे कळते ते रोकड वही दिवसभर चाळूनही कळत नाही.

रोख वसुलीची जोखीम जुनी आहे, पण ती संपलेली नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टीचे पैसे हातात येतात, पावती फाडली जाते आणि रक्कम बँकेत कित्येक दिवसांनी जमा होते. मधल्या काळात ती कोणीतरी वापरलेली असते. आमच्या भाषेत त्याला तात्पुरता अपहार म्हणतात, आणि रक्कम शेवटी भरली गेली म्हणून तो माफ होत नाही. पावतीच्या तारखा, रोकड वहीतील तारखा आणि बँकेतील भरण्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की तो दिसतो. जे पावतीपुस्तक साठा नोंदवहीत कधी आलेच नाही, त्याचा शोध कठीण असतो. त्यासाठी कार्यालयात बसून उपयोग नाही. गावात चार-सहा घरी जाऊन लोकांकडील पावत्या पाहाव्या लागतात आणि त्यांचे क्रमांक टिपून आणावे लागतात. लोक पावत्या देव्हाऱ्यामागे किंवा पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतात, विशेषतः म्हातारी माणसे.

संगणकीकरणाने जोखीम कमी झाली असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते ती जागा बदलून बसली आहे. मनरेगाच्या कामांवर मोबाइल ॲपने दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी घेणे 2023 च्या सुरुवातीपासून अनिवार्य झाले. 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांचीच काढलेली छायाचित्रे हजेरी म्हणून चढवली जात आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील सुमारे दीड हजार लोकसंख्येच्या एका गावाच्या नावावर अवघ्या काही महिन्यांत 27 हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघड झाले आणि प्रकरण पोलीस तपासात गेले. तिथे कोणी काय केले हे तपास यंत्रणा ठरवील. जोखीम तपासणाऱ्याने त्यातून घ्यायचा मुद्दा अगदी साधा आहे: एवढ्या लोकसंख्येच्या गावात वर्षाला किती जन्म होऊ शकतात याचा अंदाज कोणालाही करता येतो, परंतु त्या अंदाजाची आणि प्रणालीतील आकड्याची तुलना करण्याचे काम बहुधा कोणाकडेही सोपवलेले नव्हते. प्रत्येक प्रणालीसाठी असा एक अपेक्षित आकडा आधी काढून ठेवावा. पटसंख्या, शिधापत्रिका, निराधार योजनेचे लाभार्थी, टँकरच्या फेऱ्या, सगळ्यांना हे लागू होते.

योजनेच्या रचनेतच जोखीम कशी दडलेली असते याचे उदाहरण म्हणून राज्यातील एक रुपयाच्या पीक विम्याकडे पाहावे. 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याने केवळ 1 रुपया भरायचा आणि अर्ज भरून देणाऱ्या सुविधा केंद्राला प्रत्येक अर्जामागे 40 रुपये मिळायचे, अशी व्यवस्था होती. अर्जदाराला खर्च जवळजवळ नाही, मधल्या माणसाला अर्जागणिक उत्पन्न, आणि सातबारा पडताळण्याची खात्रीची सोय अर्ज भरतानाच नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवरही विमा उतरवला गेला यात नवल वाटायला नको. 2025 मध्ये ती सवलत बंद झाली. योजना जाहीर होण्याआधी अशा तीन ओळी कोणी लिहून ठेवल्या असत्या, तर त्याला जोखीम मूल्यांकन म्हणता आले असते.

आमच्या भागात सर्वाधिक वेळ खाणारा विषय सिंचन विहिरींचा आहे. रोजगार हमीतून विहीर, अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीच्या योजनेतून विहीर, आदिवासी शेतकऱ्यांसाठीच्या योजनेतून विहीर, आणि प्रत्येक योजनेची नस्ती वेगळ्या टेबलावर. जुनी विहीर खरवडून, वर नवे कठडे बांधून नवी म्हणून दाखवणे किंवा एकाच विहिरीवर दोन योजनांचे फलक आलटूनपालटून लावून छायाचित्रे काढणे शक्य होते ते या वेगळेपणामुळे. (विहीर चोरीला गेल्याचा विनोद गावोगावी सांगितला जातो, तो सांगणाऱ्यांना बहुधा विहीर कोणाची ते ठाऊक असते.) यावरचा उपाय खर्चिक नाही. सर्व योजनांच्या लाभार्थ्यांची यादी गट क्रमांकानुसार एका तक्त्यात मांडावी, सातबाऱ्यावरील विहिरीची नोंद आणि कृषिपंपाच्या वीजजोडणीची तारीख तिच्या शेजारी ठेवावी. विहीर खोदण्याआधीच्या तारखेची वीजजोडणी दिसली की मग टेप घेऊन शेतात जावे. विहिरीचा व्यास आणि खोली मोजमाप पुस्तिकेतील आकड्यांशी जुळते का ते पाहावे, आणि बाहेर निघालेल्या मुरमाचे काय झाले हेही विचारावे. खोल विहिरीतून निघालेला मुरूम सहजासहजी नाहीसा होत नाही. उन्हाळ्यात गेलात तर खोली मोजणे सोपे जाते. मेळघाटात जाणार असाल तर वस्तीतील एखादा कोरकू बोलणारा माणूस सोबत घ्या, कारण लाभार्थ्याला मराठीत विचारलेला प्रश्न समजला की नाही हेच पुष्कळदा कळत नाही.

जोखीम नोंदवताना वाक्य पूर्ण लिहिण्याची सवय लावून घ्यावी. "खरेदीत गैरव्यवहाराची शक्यता आहे" या वाक्याचा कोणालाही उपयोग नाही. कोण, काय करून, कोणत्या नियंत्रणाला वळसा घालून, सरकारचे कोणते नुकसान करू शकतो, हे चारही भाग आले पाहिजेत: उदाहरणार्थ, "निविदेच्या मर्यादेखाली राहण्यासाठी एकाच कामाचे साहित्य लागोपाठच्या तारखांना तुकड्यांत घेऊन, एकाच मालकाच्या तीन दुकानांची दरपत्रके जोडून, खरेदी करणारा कर्मचारी बाजारभावापेक्षा जास्त दर देऊ शकतो." असे लिहिले की पुढची तपासणी आपोआप ठरते. दरपत्रकांवरील दूरध्वनी क्रमांक, वस्तू व सेवा कर क्रमांक, टंकलेखनातील सारख्याच चुका पाहायच्या. त्यानंतर हे घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास परिणाम केवढा याचा क्रम लावायचा. क्रम लावताना शासन निर्णयात नियंत्रण आहे म्हणून जोखमीचे गुण कमी करू नयेत. ते त्या कार्यालयात, त्या महिन्यात खरोखर चालले होते याचा पुरावा पाहिल्यावरच करावेत.

माणसांशी वागण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीच्या गुन्ह्यातील कैद्यांशी बोलून जे मांडले, त्यातूनच पुढे दबाव, संधी आणि स्वतःच्या मनाशी केलेले समर्थन असा त्रिकोण प्रचलित झाला. त्यातला दबाव आपण दूर करू शकत नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, निवडणुकीतला खर्च हे सगळे गावात उघड असते. समर्थनही आपल्या हाती नसते, "सगळेच घेतात" हे वाक्य आपल्या येण्याआधीपासून तिथे आहे. संधी तेवढी आपल्या कक्षेत येते. त्यामुळे बोलताना माणसाऐवजी व्यवस्थेबद्दल प्रश्न विचारले, तर समोरचा ग्रामपंचायत अधिकारी स्वतःच सांगू लागतो की कुठे काय निसटते, कारण वसुली निघाली तर ती आपल्या पगारातून होईल हे त्याला पक्के ठाऊक असते. अहवालात "अपहार" हा शब्द पुराव्याशिवाय वापरू नये. आक्षेपाधीन रक्कम, वसुलीपात्र रक्कम आणि संशयित अपहार यांत कायदेशीर फरक आहे आणि शब्द चुकला तर पुढचा सगळा परिच्छेद न्यायालयात टिकत नाही. जेवणाचा आग्रह होईल. खेड्यात हॉटेल नसते, तेव्हा डबा सोबत न्यावा आणि चहा सर्वांसमोर घ्यावा. गावातील दोन गटांपैकी एक गट तुम्हाला कागद आणून देईल. कागद घ्यावा, त्याची पोच द्यावी आणि दुसऱ्या गटाच्या काळातील तसलेच व्यवहारही त्याच पट्टीने तपासावेत.

अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले तर पदवी वाणिज्य शाखेचीच हवी असे नाही. कृषी आणि स्थापत्य शाखेची मुले विहिरी, रस्ते आणि नाला खोलीकरणाच्या कामात लवकर तयार होतात. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवणे, दुहेरी बँक खाते क्रमांक शोधणे, तारखांचा क्रम लावणे एवढे आले तरी सुरुवातीला पुरेसे आहे. 2024 च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असल्याने लोकसेवकाच्या फौजदारी विश्वासघाताचे कलम आता जुन्या दंड संहितेतील 409 नसून नव्या संहितेतील 316 च्या पाचव्या पोटकलमात आहे; जुने नमुने पाहून पत्रे लिहिणारे अजूनही 409 लिहितात.

कामाचा वेग संथ आहे हे आधीच माहीत असलेले बरे. आक्षेपाचे अनुपालन यायला वर्षे जातात, विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येणार असे कळले की मात्र प्रलंबित परिच्छेदांच्या नस्त्या अचानक हलू लागतात. तुम्ही सुचवलेल्या बदलामुळे न झालेला घोटाळा कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, आणि वर्षअखेरच्या आढाव्यात विचारली जाते ती वसुलीची रक्कम. म्हणून सुचवलेली प्रत्येक सुधारणा, ती सुचवल्याची तारीख आणि पुढच्या भेटीत ती अमलात आलेली दिसली की नाही, याची नोंदवही स्वतःच ठेवावी आणि बदली होताना तिची प्रत कार्यभाराच्या यादीत लावून येणाऱ्या सहकाऱ्याच्या सहीनिशी द्यावी.